घड्याळापासून डॉक्टरांपर्यंत: तुमचा हेल्थ डेटा कसा शेअर होतो आणि ‘अलाऊ’ दाबण्याआधी काय पाहायचं?

हातात स्मार्टवॉच, फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप, घरात आई-बाबांसाठी ब्लूटूथवालं बीपी मशीन आणि दवाखान्याच्या काउंटरवर ‘आभा नंबर आहे का?’ हा प्रश्न. या सगळ्या गोष्टी आता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या रोजच्या झाल्या आहेत. यातलं प्रत्येक उपकरण किंवा ॲप आपल्या शरीराबद्दल काही ना काही नोंद ठेवतं आणि ती नोंद दुसऱ्या कोणाला तरी देऊ शकतं.

हा डेटा नेमका कोणत्या वाटेने जातो, वाटेत कोण तो वाचू शकतं आणि दिलेली परवानगी काढून घेतली तर काय होतं, हे या लेखात पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे: परवानगी बंद केली की नवीन डेटा जायचा थांबतो, पण आधी गेलेली कॉपी आपोआप परत येत नाही. म्हणून विचार करायचा तो परवानगी देण्याआधी.

हेल्थ डेटाचे दोन प्रकार

सोयीसाठी मी याचे दोन भाग करतो.

१. रोजचा डेटा: पावलं, झोप, हृदयाचे ठोके, वजन, व्यायाम, मासिक पाळीच्या नोंदी. हा घड्याळातून, बँडमधून, वजनकाट्यातून येतो किंवा आपण स्वतः ॲपमध्ये भरतो.

२. दवाखान्याचा डेटा: रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, डॉक्टरांनी लिहिलेली औषधं, डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाच्या नोंदी. हा हॉस्पिटल किंवा पॅथॉलॉजी लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये तयार होतो.

या दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिली वाट तुमच्या फोनमधून जाते. भारतात दुसऱ्या वाटेसाठी सरकारने ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ उभं केलं आहे. अनेकांचा गोंधळ होतो तो या दोन वाटा एकच समजल्यामुळे.

पहिली वाट: घड्याळ ते फोन

घड्याळ किंवा बँड फोनशी बोलतो तो ब्लूटूथ लो एनर्जीवर, म्हणजे कमी बॅटरी खाणाऱ्या ब्लूटूथवर. हृदयाचे ठोके, ग्लुकोज, बीपी यांसाठी ब्लूटूथमध्ये ठरलेल्या प्रमाणित पद्धती आहेत. त्यामुळेच एका कंपनीचा छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा दुसऱ्या कंपनीच्या ॲपला किंवा जिममधल्या ट्रेडमिलला जोडता येतो.

पण अनेक स्मार्टवॉच कंपन्या पूर्ण डेटासाठी स्वतःची वेगळी पद्धत वापरतात. म्हणून घड्याळ घेतलं की त्याच कंपनीचं ॲप टाकावं लागतं, त्यावर अकाउंट उघडावं लागतं आणि बहुतेक वेळा डेटा कंपनीच्या सर्व्हरवरही जातो. म्हणजे तुम्ही कोणाशीही काही शेअर करण्याआधीच दोन कॉपी झालेल्या असतात: एक फोनवर, एक कंपनीकडे.

हेल्थ कनेक्ट आणि ॲपल हेल्थ काय करतात?

समजा तुमच्याकडे एका कंपनीचं घड्याळ, दुसऱ्या कंपनीचा वजनकाटा आणि तिसऱ्याच कंपनीचं डाएट ॲप आहे. पूर्वी या तिघांना एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येक जोडीसाठी वेगळी सोय लागायची. आता फोनमध्येच मधला एक कप्पा आहे. सगळी ॲप्स त्यात नोंदी ठेवतात आणि परवानगी असेल तर त्यातून वाचतात.

आयफोनवर ही सोय २०१४ मध्ये हेल्थकिट या नावाने आली. अँड्रॉइडवर गुगल आणि सॅमसंगने मिळून २०२२ मध्ये हेल्थ कनेक्ट जाहीर केलं. अँड्रॉइड १४ पासून ते सिस्टिमचाच भाग आहे. त्याआधीच्या फोनवर ते प्ले स्टोअरवरून घ्यावं लागतं.

हेल्थ कनेक्टबद्दल या गोष्टी माहीत हव्यात:

- डेटा तुमच्या फोनवरच, एन्क्रिप्ट करून ठेवला जातो.
- लिहिण्याची आणि वाचण्याची परवानगी वेगळी असते. घड्याळाच्या ॲपला फक्त लिहू द्या, वाचू देऊ नका, असंही करता येतं.
- प्रत्येक प्रकाराला वेगळी परवानगी आहे. पावलं द्यायची आणि पाळीच्या नोंदी द्यायच्या नाहीत, हे शक्य आहे.
- नव्या ॲपने लिहिलेल्या नसलेल्या जुन्या नोंदी त्याला साधारणपणे परवानगीच्या आधीच्या ३० दिवसांपर्यंतच दिसतात. त्याहून जुना इतिहास हवा असेल तर त्याला वेगळी परवानगी मागावी लागते.
- ॲप बंद असताना मागून डेटा वाचायचा असेल तर तीही वेगळी परवानगी आहे.
- व्यायामाचा नकाशावरचा मार्ग, म्हणजे तुम्ही कुठून कुठे धावलात, हाही स्वतंत्रपणे विचारला जातो.

आयफोनमधली एक गोष्ट मला फार आवडते. एखाद्या ॲपला तुम्ही वाचायची परवानगी नाकारली, तर ‘नाकारलं’ हे त्या ॲपला कळतच नाही. त्याला फक्त डेटा नाही असं दिसतं. याचं कारण साधं आहे. समजा एखाद्याने ग्लुकोजच्या नोंदी लपवल्या, तर त्या लपवण्यावरूनच त्याला डायबेटिस असावा असा अंदाज कोणी बांधू शकतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. कप्पा सुरक्षित आहे, पण ॲपने त्यातून डेटा वाचला की तो ॲपच्या हातात गेला. पुढे तो त्यांच्या सर्व्हरवर गेला की फोनमधलं एन्क्रिप्शन तिथे लागू होत नाही. हा डेटा जाहिरातींसाठी वापरायला किंवा विकायला गुगल आणि ॲपल दोघांच्याही नियमांत मनाई आहे. पण नियम पाळला जातो की नाही, ते तुमच्या फोनच्या स्क्रीनवर दिसत नाही.

दुसरी वाट: आभा आणि दवाखान्याचे रिपोर्ट

१५ ऑगस्ट २०२० रोजी नॅशनल डिजिटल हेल्थ मिशनची घोषणा झाली. सुरुवातीला ते सहा केंद्रशासित प्रदेशांत चाललं. २७ सप्टेंबर २०२१ ला ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर सुरू झालं. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं.

यात तुम्हाला १४ अंकी आभा नंबर मिळतो आणि एक आभा ॲड्रेस मिळतो, जो साधारण ‘नाव@एबीडीएम’ असा दिसतो. आभा ॲड्रेस म्हणजे रिपोर्टसाठीचा यूपीआय आयडी समजा. यूपीआयमध्ये पैसे बँकेतच असतात आणि आयडी फक्त पत्ता असतो. इथेही तुमचे सगळे रिपोर्ट एका मोठ्या सरकारी कपाटात जमा होत नाहीत. ज्या हॉस्पिटलने किंवा लॅबने रिपोर्ट तयार केला, तो त्यांच्याकडेच राहतो. आभा त्यांना जोडतं.

समजा तुमच्या आईची रक्ततपासणी सांगलीच्या लॅबमध्ये झाली आणि पुढचा सल्ला पुण्याच्या डॉक्टरांकडे घ्यायचा आहे. दोघेही या व्यवस्थेत असतील तर काम असं चालतं:

१. सांगलीची लॅब तो रिपोर्ट आईच्या आभा ॲड्रेसशी जोडते.
२. पुण्याचं हॉस्पिटल त्या ॲड्रेसवर सहमतीची विनंती पाठवतं.
३. विनंती आईच्या आभा ॲपमध्ये येते. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या आणि ही सहमती कधी संपणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.
४. आई ती मान्य करते, नाकारते किंवा बदलून मान्य करते.
५. मान्य झाल्यावर रिपोर्ट एन्क्रिप्ट होऊन पुण्याला जातो. मधे सहमती सांभाळणाऱ्या यंत्रणेला तो वाचता येत नाही.

चौथ्या पायरीतला ‘बदलून’ हा शब्द लक्षात ठेवा. बहुतेक जण विनंती आली की थेट मान्य करतात. पण तिथे काही रिपोर्ट वगळता येतात, तारखा कमी करता येतात, मुदत लवकरची ठेवता येते. गुडघ्याच्या डॉक्टरांना मागच्या १० वर्षांतला प्रत्येक कागद लागतोच असं नाही.

हॉस्पिटलमध्ये केस पेपर काढताना क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घ्यायची सोय असते, ती याच व्यवस्थेची. पण त्या स्कॅनमध्ये जातं ते तुमचं नाव, वय, लिंग, पत्ता, मोबाईल नंबर अशी प्रोफाइल. जुने रिपोर्ट त्याने आपोआप जात नाहीत, त्यासाठी वरची वेगळी सहमती लागते.

सगळ्यांना एकच भाषा का लागते?

डेटा पोचणं वेगळं आणि तो नीट समजणं वेगळं. याचं सगळ्यात सोपं उदाहरण शुगरचं आहे. भारतात आपण ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतो. ब्रिटनसारख्या देशांत ती मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. उपाशीपोटी १२६ ही आपल्याकडची डायबेटिसची सीमारेषा तिकडे ७ अशी लिहिली जाते. एका मिलिमोलला साधारण १८ मिलिग्रॅम. आता लंडनहून आलेल्या एखाद्या मावशीच्या मीटरमधला ‘७’ हा आकडा एककाशिवाय इथल्या ॲपमध्ये आला, तर ॲपला तो जिवावर बेतणारी कमी शुगर वाटेल.

म्हणून नुसता आकडा पाठवून चालत नाही. काय मोजलं, कोणत्या एककात, कधी, कोणाचं, कशाने मोजलं, हे सगळं ठरलेल्या साच्यात जावं लागतं. त्यासाठी जगभर ‘फायर’ नावाचं मानक वापरलं जातं आणि आपल्या डिजिटल मिशननेही तेच घेतलं आहे. कोणती तपासणी आहे हे सांगायला ‘लॉइंक’ नावाचे कोड असतात. उदाहरणार्थ हृदयाच्या ठोक्यांचा कोड ८८६७-४. लॅबवाला ‘पल्स’ म्हणो की ‘हार्ट रेट’, कोड तोच राहतो आणि कॉम्प्युटरला कळतं.

घड्याळाचा डेटा डॉक्टरांपर्यंत आपोआप जातो का?

नाही. हेल्थ कनेक्टमधला डेटा स्वतःहून आभाकडे जात नाही. डिजिटल मिशनच्या साच्यात रोजच्या मोजमापांसाठी ‘वेलनेस रेकॉर्ड’ नावाचा प्रकार आहे, पण दोन वाटा जोडायचं काम मधलं एखादं ॲप करत असेल तरच ते होतं आणि त्या ॲपलाही तुमची परवानगी लागते.

इथे अजून एक धोका आहे. शेअर केल्याने डेटा जास्त खरा होत नाही. सुई न टोचता शुगर सांगण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या बाजारात दिसतात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की असं स्वतःहून शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. त्वचेखाली बारीक सेन्सर लावून त्याचे आकडे घड्याळावर दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे. पण चुकीचा आकडा एकदा नोंदीत गेला की तो बाकीच्या नोंदींसारखाच दिसतो. म्हणून डॉक्टरांना आकडा दाखवताना तो कोणत्या मशीनवर आला हेही सांगा. हेल्थ कनेक्टमध्ये प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या ॲपने लिहिली ते दिसतं.

परवानगी काढली की नेमकं काय होतं?

- हेल्थ कनेक्ट किंवा ॲपल हेल्थमधून परवानगी काढली: ॲपला नवीन नोंदी वाचता येत नाहीत. आधी वाचून सर्व्हरवर नेलेल्या नोंदी तिथेच राहू शकतात.
- ॲप अनइन्स्टॉल केलं: फोनवरचं ॲप गेलं. अकाउंट आणि सर्व्हरवरचा डेटा बहुधा तसाच राहतो. त्यासाठी आधी ॲपमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करावं लागतं.
- आभामधली सहमती रद्द केली: त्या हॉस्पिटलला पुन्हा रिपोर्ट ओढता येत नाहीत. सहमतीत डेटा कधीपर्यंत ठेवायचा याची तारीख असते आणि मागणाऱ्याने ती पाळणं अपेक्षित आहे. पण डॉक्टरांनी तो रिपोर्ट पाहून स्वतःच्या केस पेपरवर लिहिलेलं पुसलं जात नाही.
- व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली: इथे मुदत नाही, कारण नाही, यादी नाही. समोरच्याच्या फोनमध्ये गेली ती गेली.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम टाकला. माझ्याच घरातला एक रिपोर्ट एका लॅबने चुकीच्या नंबरवर व्हॉट्सॲप केला होता. फोन केल्यावर ‘त्यांना डिलीट करायला सांगतो’ एवढंच उत्तर मिळालं. सहमतीची किचकट वाटणारी पद्धत का लागते, ते तेव्हा पटतं.

आधी काय काय घडलं आहे?

स्ट्राव्हा: धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्यांच्या या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या व्यायामाच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचंही नाव नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की ओसाड भागात चमकणाऱ्या रेषा म्हणजे सैनिकी तळांवर धावणारे जवान आहेत. नाव काढलं म्हणजे ओळख गेली, असं होत नाही.

फ्लो: मासिक पाळीच्या नोंदी ठेवणारं हे ॲप. माहिती खाजगी ठेवू असं सांगून वापरणाऱ्यांचा आरोग्याबद्दलचा तपशील फेसबुक आणि गुगलसह इतर कंपन्यांच्या ॲनालिटिक्स सेवांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२१ मध्ये ठेवला. त्याच वर्षी तडजोड झाली आणि पुढे असं शेअर करण्याआधी स्पष्ट संमती घेण्याचं बंधन कंपनीवर आलं.

दिल्लीचं एम्स: नोव्हेंबर २०२२ मध्ये रॅन्समवेअर हल्ल्याने तिथले सर्व्हर बंद पडले आणि बरेच दिवस कामकाज हाताने, कागदावर चालवावं लागलं. डेटा कोणी शेअर केला नव्हता. पण जिथे कॉपी आहे तिथे धोका आहे, हे यातून दिसतं.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, असं ठरलं. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढणंही सोपं हवं, असं हा कायदा सांगतो. डेटा पुसण्याची मागणी करता येते. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते.

याशिवाय एचआयव्ही तपासणीची माहिती आणि मानसिक आरोग्याचे उपचार यांच्या गुप्ततेसाठी २०१७ चे दोन स्वतंत्र कायदे आहेतच.

आई-बाबांच्या फोनवर तुम्हीच बसता ना?

घरात फोन ‘सेट’ करून देणारे आपणच असतो. आभा काढणं, ओटीपी टाकणं, विनंती मान्य करणं, सगळं मुलगा किंवा मुलगी करते. मदत जरूर करा. पण रिपोर्ट त्यांचा आहे, त्यामुळे सहमतीही त्यांचीच. बाबांनी मनोविकारतज्ज्ञांकडे घेतलेले उपचार दाताच्या डॉक्टरांना दिसावेत की नाही, हे बाबांना विचारा. स्क्रीन मराठीत वाचून दाखवा आणि मग बटण दाबा. हेच उलट बाजूनेही आहे: तुमच्या आभाचा पासवर्ड घरातल्या सगळ्यांना माहीत असायची गरज नाही.

आत्ता फोनमध्ये काय तपासायचं?

१. अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये वरच्या सर्चमध्ये ‘हेल्थ कनेक्ट’ टाका. ‘ॲप परमिशन्स’ उघडा. प्रत्येक ॲप काय वाचतं आणि काय लिहितं ते पाहा. नको ते बंद करा.
२. आयफोन: हेल्थ ॲपमध्ये वर कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टॅप करा आणि ‘ॲप्स’मध्ये यादी पाहा.
३. आभा ॲप: सहमतीच्या यादीत जा. काम झालेल्या सहमती रद्द करा.
४. घड्याळाचं ॲप: सेटिंग्जमध्ये ‘कनेक्टेड ॲप्स’ किंवा ‘पार्टनर्स’ असा भाग असेल तर जरूर उघडा. सर्व्हरकडून सर्व्हरकडे जाणारा डेटा हेल्थ कनेक्टच्या यादीत दिसत नाही, तो इथेच दिसतो.
५. जुनं ॲप: काढण्याआधी अकाउंट डिलीट करा.
६. जुना फोन: विकण्याआधी फॅक्टरी रीसेट करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आभा सक्तीचं आहे का?
नाही, ते ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड एकच का?
नाही. आयुष्मान कार्ड म्हणजे पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचारांची योजना. आभा म्हणजे फक्त रिपोर्ट जोडणारी ओळख, त्यातून पैसे मिळत नाहीत.

विमा कंपनीचं ॲप पावलांवर पॉइंट देतं. जोडू का?
जोडायचं असेल तर फक्त पावलांची परवानगी द्या. पावलांचे पॉइंट द्यायला झोप, वजन किंवा ठोक्यांचा डेटा लागत नाही. तरीही मागत असेल तर मी नकार देतो.

मग शेअर करायचंच नाही का?
तसं अजिबात नाही. बेशुद्ध रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे वेळेवर कळणं जीव वाचवू शकतं. त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत, पैसे वाचतात. डॉक्टरांशी शेअर करताना हात आखडू नका. पण प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघा: कोण मागतंय, कशासाठी आणि कधीपर्यंत. यातल्या एकाचंही उत्तर स्क्रीनवर सापडत नसेल, तर मी ‘अलाऊ’ दाबत नाही.

हा लेख उपयोगी वाटला तर घरात ज्यांचे फोन तुम्ही सेट करून देता, त्यांच्यासोबत बसून वरची यादी एकदा तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.